वैशूचा तांडेल

त्याचा डावा पाय माझ्यामुळे गेला. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण ज्या कागदावर ते सगळ्यात आधी यायला हवं होतं, तिथं मी ते लिहिलं नव्हतं. निदान इथं तरी ते जागच्या जागी असू दे. तो स्वतः हे वाचेल तर म्हणेल, "पायापासून कित्याक सुरुवात केलंस रे? माणसाची सुरुवात तोंडापासून करतत."

तर तोंडापासून. तोंड गोल, काळं, आणि मिशी अर्धी पांढरी. अर्धी म्हणजे डावीकडची. बहारीनमध्ये गाडीचं चाक डावीकडे असतं, त्यामुळे ऊन डाव्या गालावर येतं आणि तेवढीच मिशी पिकते, असं त्याचं शास्त्र होतं. "गावाक गेलंय काय उजवी पण पिकतली," असं तो प्रत्येक सुट्टीआधी सांगायचा. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा देवगडला गेला. उजवी पिकली की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

त्याला सगळे 'तांडेल' म्हणत. घर मच्छीमाराचं, तरुणपणी खरोखरच ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, होता. मग इंजिनांची नाडी कळायला लागली आणि तो इंजिनांच्या मागे मागे आखातात आला, बहारीनच्या मआमीरला, आमच्या गॅरेजात. तिथं मोठे ट्रेलर दुरुस्तीला येत. तो हेड मेकॅनिक, मी सुपरवायझर. वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्या गॅरेजात कोणाला अहो-जाहो केलं तर तो माणूस आजारी आहे असं समजत. म्हणून मी त्याला 'तू' म्हणे आणि तो मला 'वसयकरा'.

वाळवंटात वीस वर्षं काढून त्यानं दर्या सोडला नव्हता. स्टिअरिंगला सुकाणू म्हणायचा. गाडी पंक्चर झाली की 'पाणी शिरला', बिघडून रस्त्यात बसली की 'वाळूक लागली'. हाताखालच्या पाकिस्तानी आणि मल्याळी पोरांना त्यानं हे शब्द शिकवले होते, आणि ते बिचारे त्यांना मराठी समजून भाजीवाल्या मराठी माणसाशीही तसंच बोलत. कोणी धसमुसळेपणानं बोल्ट आवळायला लागला की हा खालून ओरडे, "भाई, धीरे! ये बोट है, बैल नहीं!"

वैशूचं सांगायला हवं. परदेशातून राक्षसी ट्रकांचा एक खेळ आला होता. माणसाच्या खांद्याएवढी चाकं, त्यावर इवलंसं धड, आणि हे ट्रक भंगार गाड्यांच्या रांगेवरून उड्या मारतात, त्यांचा चुरा करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. खेळ परत गेला, पण एक मोडका ट्रक मागे राहिला. तो आमच्या अरबाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, विकत घेतला. अरबाब साठीचा, पोट पुढे, मन लहान मुलाचं. ट्रकवर त्यानं मोठ्या अरबी अक्षरांत नाव रंगवून घेतलं, 'अल-वहश'. म्हणजे श्वापद. रोज सकाळी येऊन तो विचारी, "वहश कैसा है?"

तांडेलनं ऐकलं 'वैशू'. त्याला वाटलं, अरबाबनं वैशाली हे नाव कुठून तरी उचललंय. तेव्हापासून ती वैशू. वैशू रुसली, वैशूनं तेल ओकलं, वैशूक आज न्हाऊ घालूचा आसा. असंच एकदा फोनवर घरीही बोलला असणार, कारण दुसऱ्या दिवशी देवगडहून त्याच्या बायकोचा मला फोन.

"भावोजी, ही वैशू कोण, ता माका खरा सांगा."

"वहिनी," मी म्हटलं, "तिचं वजन पाच टन आहे."

"असा काय? मग काय भिया नाय."

वैशूला उभी करायला आम्हाला सात महिने लागले. सुटे भाग मिळत नव्हते, ते तांडेल बनवत होता. हिद्दच्या बंदराजवळ भंगारात जाऊन जहाजाच्या विंचचे, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राचे, तुकडे आणायचा आणि ते तिच्या अंगात बसवायचा. 'बसवायचा' हा शब्द लिहितानाही माझा हात थांबतो. सगळं त्याच शब्दात आहे.

त्या दिवशी मागचा आस जॅकवर उचललेला होता आणि तो लोखंडी घोडीवर टेकवायचा होता. तांडेल अलीकडे जमिनीवर फतकल मारून बसला होता, होडीत बसतात तसा, डावा पाय लांब पुढे, आसाच्या खाली. हातात जॅकचा दांडा. त्याला पलीकडची घोडी दिसत नव्हती. ती बघून इशारा देणं माझं काम. त्यानं विचारलं, "बसलो काय रे?" मी पाहिलं तर घोडी कलत होती. थांबायला हवं होतं. मी ओरडलो, "बस! बस!"

मी बारा वर्षं हिंदीत आणि अरबीत दिवस काढत होतो. आमच्या ऑफिसात बस म्हणजे पुरे, थांब. अरबीतही तेच. पण होडीवर वाढलेल्या माणसाला आपल्या बोलीत बोलताना बस म्हणजे एकच: खाली बस. त्यानं विचारलं होतं, आस बसला का. मी म्हटलं, बस. त्याला वाटलं, आस खाली बसू दे म्हणतोय. त्यानं जॅक सोडला.

पुढचं मी लिहीत नाही. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसलो. इंग्रजीत एक रकाना होता, अपघाताचं कारण. मुलीची शाळा, बायकोचा नवा व्हिसा, घराचं भाडं, सगळं त्या रकान्यात येऊन उभं राहिलं. मी लिहिलं, 'कामगाराने इशारा मिळण्याआधीच जॅक सोडला.' एकच ओळ. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं हॉस्पिटलात पडल्या पडल्या खाली अंगठा उठवला, शेजारी सही केली आणि मला विचारलं, "जेवलंस काय?"

आम्ही वसईचे ख्रिस्ती. पाप झालं तर काय करायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. शुक्रवारी मी मनाम्याला चर्चमध्ये गेलो, कन्फेशनला. फादर केरळचे, वयस्कर, एका कानानं कमी ऐकणारे. इंग्रजीतून मी म्हटलं, "फादर, माझ्या एका शब्दानं एका माणसाचा पाय गेला."

"कोणता शब्द?"

"बस."

"कुठली बस? कंपनीची?"

"नाही फादर, बस म्हणजे थांब."

"बस थांबली नाही?"

"थांबली असती, पण त्याला वाटलं, बस म्हणजे बसायचं."

"म्हणजे तो बसमध्ये बसत होता, आणि तू थांबवली नाहीस." फादरनी सुस्कारा टाकला. "खूप माणसं असतात रे या बसमध्ये. जबाबदारीचं काम आहे." मला तीन नमो मरिया दिल्या आणि यापुढे गाडी सावकाश चालव म्हणाले. मला क्षमा मिळाली, पण ती एका बसच्या अपघाताबद्दल. खोट्या ओळीपर्यंत आम्ही पोचलोच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार जोर केला नाही.

तांडेल चार महिन्यांनी नवा पाय लावून परत आला. आल्या आल्या वैशूच्या केबिनमध्ये शिडीनं चढला, हातांच्या जोरावर, आणि वरून म्हणाला, "वसयकरा, ह्या गाडीक क्लच खंय आसा? गियर आपसूक पडता. उजवो पाय दाबता आणि सोडता. मग डाव्याचा काम काय? इतकी वर्षां फुकटचो पाशिंजर घेऊन फिरी होतंय मी!"

मी खाली उभा होतो. सगळे हसले. मला हसावं की नाही ते कळेना, तसं तोंड झालं. त्यानं ते पाहिलं. "ह्येका कोणीतरी पाणी देवा रे," म्हणाला.

अरबाबला त्यानं पटवलं की वैशूवर दुसरा कोणी चालक बसवला तर ती उडी मारणार नाही, लाजेल. अरबाब म्हणाला, "इंता मजनून," तू वेडा आहेस, आणि तिथंच ठरलं. हिवाळ्यात साखीरकडे वाळूवर स्थानिक मंडळी अशा ट्रकांची स्पर्धा भरवत. पाच-सहा ट्रक यायचे. तांडेल तीन महिने कामानंतर रोज सराव करायचा. लोकांना वाटतं या खेळात नुसती दांडगाई असते. त्याला तसं वाटत नसे. गाड्यांची रांग त्याला लाट वाटे. "लाटेर चढताना भियाचा नाय, उतरताना भियाचा," हे त्याचं वचन, आणि तो खरंच उतरताना वैशूला असा खाली ठेवी की बाकीचे ट्रक आपटत तिथं ही टेके.

मग स्पर्धेच्या तीन दिवस आधी अरबाब तोंड पाडून आला. स्पर्धेच्या तपासनिसानं सगळे कागद मागवले होते. पायाबद्दल त्याची हरकत नव्हती. हरकत होती जुन्या रिपोर्टबद्दल. "कागद में लिखा है," अरबाब तांडेलला म्हणाला, "तुम इशारा नहीं मानता. इशारा नहीं मानता तो ट्रक मफी, नहीं मिलेगा. शुक्रवार को वो खुद देखेगा. लेकिन मुश्किल."

मी तिथंच होतो, तीन पावलांवर. तांडेल पान्ह्यावरचं तेल पुसत राहिला. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. बघितलं नाही. दुपारी डबा उघडल्यावर त्यानं स्वतःच्या डब्यातला सुरमईचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. तीन दिवस रोज ठरवायचो, चहाच्या सुट्टीत सांगू, चहा संपायचा.

शुक्रवारी सकाळी साखीरला वैशू ट्रेलरवरून उतरवली. आता तांडेलची एक पद्धत होती. कुठलंही मोठं काम असलं की तो आधी गाऱ्हाणं घालायचा, कोकणात देवापुढे घालतात तसं, मोठ्यानं, आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या गॅरेजात सगळ्या धर्मांची माणसं, पण या 'व्हय म्हाराजा'ला कोणाची हरकत नव्हती. मल्याळी ते 'वोय मराजा' म्हणत. अरबाबला वाटे ही बोटीवरची काहीतरी सलामी आहे; तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणे आणि शेवटी आपल्याकडून 'इंशाल्ला' जोडे. मी ख्रिस्ती, पण मीही म्हणायचो. सवयच झाली होती.

तांडेल वैशूच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ही वैशू परक्या दर्यात उतरतासा, तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती वाळवंटात पुरून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या अरबाबाचा प्वाट असाच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे अरबाबचंच सगळ्यांत मोठं.

"आणि कोणी कागदार खोटा लिवला आसात, त्येका आज दुपारच्या आत बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. त्यांत मीही होतो. माझा आवाज बाहेर पडला आणि मग मला अर्थ कळला.

तांडेल डोळे मिटूनच उभा होता. मग एक डोळा उघडून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

आमच्याकडे पाप अंधाऱ्या जाळीआड पुटपुटतात. त्याच्याकडे ते उन्हात, वीस माणसांदेखत सांगतात आणि वर पाप्याकडूनच होकार घेतात. मी तसाच तपासनिसाच्या तंबूत गेलो. मागून अरबाब आणि तांडेल आले.

तपासनीस उंच, चष्मेवाला बहारिनी इंजिनिअर. मी म्हटलं, "साहेब, त्या कागदावरची ओळ खोटी आहे. मी लिहिलीय. इशारा मी दिला होता."

"काय इशारा दिला?"

"बस."

त्यानं मान डोलावली. "बस. म्हणजे खलास, थांब. तू थांब म्हणालास आणि हा थांबला नाही. कागदही याचीच चूक म्हणतो."

फादरना शब्द कळला नव्हता म्हणून गोंधळ झाला; याला कळला म्हणून झाला. "नाही साहेब! याच्या भाषेत बस म्हणजे बसायचं. मला माहीत होतं, याच्याशी मी त्याच भाषेत बोलतो. तरी मी तो शब्द वापरला. तो माझा गुन्हा. आणि यानं इशाऱ्याआधीच जॅक सोडला असं लिहिलं, तो त्याहून मोठा."

"बस म्हणजे बसायचं?" तपासनिसानं चष्मा वर केला. "सिद्ध करून दाखव."

आता हे कसं सिद्ध करायचं? मी तांडेलकडे वळलो. तो तंबूच्या मधोमध उभा होता, कमरेवर हात. मी ओरडलो, "बस!"

तांडेल जागच्या जागी धपकन वाळूत बसला. नवा पाय एकीकडे, जुना एकीकडे. वर बघून अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "आता उठू काय?"

अरबाब असा हसला की तंबूचा खांब हलला. तपासनीस हसला नाही. त्यानं रिपोर्टवर एक रेघ मारली, बाजूला काहीतरी लिहिलं आणि मला सही करायला लावली. मग तांडेलला म्हणाला, "तू चालव." आणि माझ्या गळ्यातला पास काढून घेतला. "तू मात्र ट्रकच्या जवळ थांबायचं नाहीस."

बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून अरबाबनं माझं सुपरवायझरचं कामही काढून घेतलं आणि मला सुट्या भागांच्या खोलीत बसवलं. तेही बरोबर होतं. नोकरी राहिली, हेच खूप.

ती पहिली स्पर्धा मी कुंपणाबाहेरून, पोराबाळांच्या गर्दीत उभा राहून पाहिली. तांडेल आदल्या दिवशीच भंगार गाड्यांच्या रांगेतून फिरून आला होता आणि प्रत्येकीचं बॉनेट उघडून पाहिलं होतं. वैशू आली, पहिल्या दोन गाड्यांवरून गेली, तिसरीचा चुरा केला, आणि चौथीपाशी चक्क वळसा घालून पुढे गेली. पाचवीवर परत चढली. सहा ट्रकांत सहावा नंबर.

अरबाब डोकं धरून विचारत होता, "लेश? चार नंबर को क्यों छोड़ा?"

"तिचा इंजिन बरा होता," तांडेल म्हणाला. "एक पंप बदललो तर धावतली. जित्त्या गाडीर मी चढणंय नाय."

स्पर्धा संपल्यावर ती गाडी त्यानं खरंच मागून घेतली आणि धावती केली. ती बरीच वर्षं गॅरेजचा चहा-नाश्ता आणायच्या कामी आली. स्पर्धेत मात्र त्यानं आपला नियम बदलला नाही. फक्त पुढच्या वर्षापासून आदल्या दिवशी जाऊन तो सांगू लागला की अमुक गाडी जिवंत आहे, ती काढा आणि दुसरी मेलेली ठेवा. आयोजक कुरकुरत, पण बदलत. म्हणूनच दुसऱ्या वर्षी तिसरा नंबर आला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला तो सगळ्यात वरचा.

त्या दुसऱ्या वर्षाचं सांगून थांबतो.

या खेळात प्रत्येक ट्रकचं एक रिमोट असतं. ट्रक हाताबाहेर गेला, उलटला, चालकाची शुद्ध गेली, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसानं त्याचं बटण दाबायचं, की इंजिन बंद. तो माणूस प्रत्येक चमूनं आपला द्यायचा असतो. फॉर्मवर तांडेलनं माझं नाव लिहायला लावलं. अरबाब ओरडला, तपासनीस वर्षापूर्वीचं विसरला नव्हता. तांडेल त्याला आपल्या हिंदीत म्हणाला, "साब, इसको बोलने को मत दो. सिर्फ बटण दो." तपासनिसानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पास दिला.

केबिनमध्ये एकही सुटी वस्तू ठेवायची नाही असा नियम. तांडेल वर बसला, पट्टे आवळून घेतले, आणि मग वाकून त्यानं नवा पाय सोडवला आणि बुटासकट खाली माझ्याकडे दिला. "धर."

मी तो डाव्या बगलेत धरला. उजव्या हातात रिमोट. समोर माणसांनी भरलेले बाक, आणि मी एका माणसाचा पाय घेऊन उभा. वर्षभर जे तोंडातून निघालं नव्हतं ते तेव्हा निघालं.

"तांडेल, मला माफ केलंस ना?"

तो हेल्मेट चढवत होता. थांबला. "माफ केलंय, असा कोणी सांगल्यान तुका?"

"मग माझं नाव कशाला दिलंस?"

"अरे मेल्या, माफ केलेलो माणूस ढिलो पडता. इकडे तिकडे बघता, कोणाशी तरी गजाली मारता." त्यानं हेल्मेटचा पट्टा ओढला. "माका भियालेलो माणूस व्हयो. तुझ्याइतको भियालेलो ह्या सगळ्या बहारीनात दुसरो खंय गावतलो?"

"म्हणजे कधीच करणार नाहीस?"

"मी गाडी चालवतंय तवसर तरी नाय," तो म्हणाला आणि काच ओढून घेतली.

वैशू गरजली. जमीन थरथरायला लागली, वाळू उडून सरळ तोंडावर आली. दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायला सोय नव्हती. मी ते मिटले नाहीत. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, अंगठा बटणावर ठेवून, मी एकदाही पापणी हलू दिली नाही.